बाळंतिणीची खोली समजा

सहा शब्दांचं खोटं मी बोललो. "मी यांना असं काही सांगितलं नव्हतं." बोटांवर मोजून पाहा, सहाच भरतात. प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोललो, आणि ज्यांच्याबद्दल बोललो त्या मावशी माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. टेबलावर त्यांचा कोयता होता. कोयत्याला प्राचार्यांच्या अकरा टाचण्या चिकटल्या होत्या. माझी नजर मावशींकडे जाऊ नये म्हणून मी त्या टाचण्या मोजत होतो, त्यामुळे आकडा पक्का आहे.

प्राचार्यांच्या टेबलावर कोयता कसा आला आणि त्याला टाचण्या कशा चिकटल्या, हे सांगायचं तर माशाच्या अंड्यापासून सुरुवात करावी लागेल.

वडवणीपासून एसटीनं अर्ध्या तासावर असलेल्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवतो. आमच्या भागातल्या मुलांनी मासा पाहिलेला असतो तो बहुतेक आठवडी बाजारात, पाटीत आडवा पडलेला. जिवंत मासा दाखवावा म्हणून मी बीडहून झेब्रा मासे आणले. बोटाच्या दोन पेरांएवढा जीव, अंगावर निळे पट्टे, आणि मुख्य म्हणजे त्याचं अंडं काचेसारखं आरपार दिसणारं. आज सकाळी घातलेलं अंडं उद्या सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की आत डोळा दिसतो, वळवळणारी शेपूट दिसते, आणि थोडा वेळ थांबलं तर हृदय उडताना दिसतं. तिसऱ्या दिवसाच्या आसपास पिल्लू कवच फोडून बाहेर येतं. सगळं बाळंतपण तीन दिवसांत आटोपतं.

माझ्या डोक्यात एक प्रश्न शिरला होता. पृथ्वी हे एक मोठं चुंबक आहे आणि काही प्राणी तिच्या त्या ओढीवर वाट शोधतात, असं आपण शिकवतो. मग अंड्यातल्या गर्भाला शेजारी ठेवलेल्या चुंबकाचा पत्ता लागत असेल का? त्याची वाढ हळू होईल, की वेगानं? याबद्दल मी वाचलं होतं ते सगळं एकमेकांशी भांडणारं होतं. उजेडाचं मात्र जास्त स्पष्ट होतं. दिवस कुठला आणि रात्र कुठली हे ओळखणारं घड्याळ या गर्भात फार लवकर बसतं, आणि कवच कधी फोडायचं यात त्या घड्याळाचा हात असतो. म्हणून मी ठरवलं, अंड्यांच्या चार बश्या करायच्या. दोन खिडकीशी, नेहमीच्या दिवस-रात्रीत. दोन पुठ्ठ्याच्या बंद खोक्यांत, पूर्ण अंधारात. प्रत्येक जोडीतल्या एका बशीखाली चुंबक, एकीखाली काही नाही.

चुंबकं दिली आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी. ते माझे वर्गमित्र, त्यामुळे चारचौघांत 'सर' आणि दोघंच असलो की 'बे'. मंडपवाल्याकडच्या फुटक्या कर्ण्यांमधून त्यांनी दोन जाडजूड कड्या काढून आणल्या आणि म्हणाले, "जाळं टाकून मासे धरणारे लई पाहिले. चुंबकानं धरणारा तूच पहिला बे."

प्राचार्यांनी तर उत्साहाचा कहर केला. त्या शुक्रवारी बीडला प्राध्यापकांचा संशोधन मेळावा होता. माझ्या विषयाचं नाव त्यांनी फ्लेक्सवर छापून फाटकावर लावलं. 'चुंबकीय क्षेत्र व प्रकाश यांचा माशाच्या गर्भवाढीवरील परिणाम.' वर त्यांचा फोटो, खाली माझा त्याहून लहान फोटो, आणि मधोमध फ्लेक्सवाल्यानं त्याच्या मनानं टाकलेला भलामोठा पापलेट. गावातला न्हावीसुद्धा मला विचारू लागला की एवढा मोठा मासा प्रयोगशाळेत मावतो कसा.

आता मावशींबद्दल. त्या आमच्या प्रयोगशाळेच्या परिचर, बरीच वर्षं रोजंदारीवर. त्याआधी अकरा हंगाम त्या नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवऱ्याची कंबर धरली आणि त्यांचं जाणं थांबलं. "आमचा कोयता मोडला तवा हिकडं आले," असं त्या सांगत. त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव त्या महिन्यात संस्थेकडे जायचा होता. त्यावर विभागप्रमुखाचा शेरा लागत होता, आणि विभागप्रमुख मी होतो.

माशांची खरी ओळख त्यांना होती. झेब्रा मासे पहाटेच्या पहिल्या उजेडात अंडी घालतात आणि लगेच स्वतःच खाऊन टाकतात. म्हणून टाकीच्या तळाला गोट्या पसरायच्या, अंडी त्यांच्या फटींत जाऊन वाचतात. गोट्या मी बाजारातून आणल्या तेव्हा मावशींना आधी वाटलं, सरांचं खेळायचं वय परत आलं. कारण कळल्यावर त्या टाकीपुढं उभ्या राहून माशांनाच म्हणाल्या, "पोटची लेकरं खाती व्हय गं? थांब, तुझं खाणंच बंद करते." रोज सहाला येऊन रात्रभर नर-मादीला वेगळं ठेवणारी जाळी काढणं हे काम त्यांनी आपणहून घेतलं. मी दहाला यायचो तेव्हा अंडी तयार असायची.

एकदा मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून ते उडणारं हृदय दाखवलं. बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. मग म्हणाल्या, "एवढूसं हाय, अन् घाई बघा किती."

मेळाव्याच्या आठवड्यात सोमवारी सकाळी अंडी मिळाली. मी चार बश्या मांडल्या, खोकी बंद केली, आणि मला दुपारी दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी बीडला निघायचं होतं. भीती एकच होती. फ्लेक्स पाहून येणारे-जाणारे प्रयोगशाळेत डोकावत होते, आणि कुणी खोकं उघडलं की अंधार संपला. मावशींना अंधाराचं शास्त्र समजावत बसायला वेळ नव्हता. म्हणून मी मला फार हुशारीचं वाटलेलं एक वाक्य बोललो.

"मावशी, इथं कुणाला येऊ देऊ नका. ही बाळंतिणीची खोली समजा."

"बाळंतिणीची?"

"हो."

त्यांनी खोक्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "मग सगळं बाळंतिणीवानी करू का, सर?"

तेवढ्यात भौतिकशास्त्राच्या त्या मित्राचा फोन आला की बीडची गाडी स्टँडात लागली आहे. मी पिशवी उचलली आणि दारातून म्हणालो, "करा, करा. सगळं करा."

बुधवारी दुपारी परत आलो तेव्हा प्रयोगशाळेच्या चौकटीला कडुलिंबाचा डहाळा होता. दाराबाहेर पाय धुवायला बादली. मावशी स्टुलावर बसलेल्या, डोईवर पदर. "पाय धुऊन या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बाहेरून आलाव."

मी पाय धुतले. का धुतले ते मला अजून कळलेलं नाही.

आत जाऊन पहिलं खोकं उघडलं तर त्यात उजेड. झिरोचा एलईडी बल्ब, वायर खोक्याला भोक पाडून आत घेतलेली. दुसऱ्यातही तसाच.

"मावशी, हे काय?"

"दिवा. बाळंतिणीपाशी दिवा विझू देत न्हाईत. खिडकीजवळच्या लेकरांना चांदणं तरी हाय, हे डब्यातले अंधारात बिचकत्याल की."

"आणि हे?"

चुंबकवाल्या खोक्यात, बशीच्या खालच्या कडीला, एक कोयता घट्ट चिकटून बसला होता.

"उशाला लोखंड लागतं," मावशी म्हणाल्या. "माझं थोरलं उसाच्या फडावर झालं, पाचटाच्या कोपीत. सासूनं उशाला ह्योच कोयता ठेवलता, अन् कंदील. काही वंगाळ जवळ आलं न्हाई. फक्त ह्यो ठेवताना तुमच्या त्या कडीनं असा हिसकून घेतला की माझा हातच गेला असता." बिनचुंबकाच्या खोक्यात कोयत्याऐवजी सासूचा अडकित्ता होता. "धुरी न्हाई दिली," त्यांनी खुलासा केला. "म्हणलं, पाण्यातल्या लेकरांना वव्याची धुरी कशाला."

मी मित्राला बोलावलं. तो होकायंत्र घेऊन आला आणि कोयत्याभोवती फिरवू लागला. सुई कधी इकडं, कधी तिकडं. "तुझ्या चुंबकाची ओढ निम्मी कोयत्यानं गिळलीय," तो म्हणाला. "बिनचुंबकाच्या डब्यात अडकित्ता. ज्या अंड्यांना अंधार द्यायचा त्यांना चोवीस तास उजेड, अन् ज्यांना उजेड द्यायचा त्यांना रात्रीचा अंधार. अबे, एवढा उलटा प्रयोग मांडायला डोकं लागतं." मग तो टेबलाला धरून हसत बसला. कोयता कडीपासून सोडवायला आम्ही दोघं लागलो.

एक गोष्ट मला तेव्हाच दिसली होती, आणि ती मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. चारही बश्यांतली अंडी उत्तम होती. मेलेलं अंडं पांढरं पडतं आणि शेजारच्यांना बुरशी लावतं. मावशींनी अशी अंडी ड्रॉपरनं वेळच्या वेळी उचलून टाकली होती, पाणी बदललं होतं. पिल्लं बाहेर येऊ लागली होती. माझ्या हाताखाली इतकं चांगलं बाळंतपण कधी झालं नव्हतं.

नेमके तेव्हाच प्राचार्य मेळाव्यासाठी फोटो काढायला आले. दाराशी कडुलिंब, आत बल्ब, माझ्या हातात कोयता. त्यांनी कोयता माझ्याकडून घेतला, सगळ्यांना केबिनमध्ये यायला सांगितलं आणि टेबलावर आपटून ठेवला. चुंबकापाशी दोन दिवस राहून कोयत्यातही थोडं चुंबकत्व उतरलं होतं. टाचण्यांची डबी उघडी होती. टाचण्या टुणटुण उडून त्याला चिकटल्या.

केबिनमध्ये बसलेल्या लेखनिकानं डोळे मोठे केले. "साहेब, करणी-बिरणी तर नाही ना?"

"गप्प बसा," प्राचार्य म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "सर, फाटकावर फ्लेक्स आहे. परवा मेळावा आहे. आणि आपल्या प्रयोगशाळेत बाळंतपणाचे विधी चाललेत. हे तुम्ही सांगितलं होतं यांना?"

उत्तर सोपं होतं. हो, मी सांगितलं. त्यांनी विचारलं होतं आणि मी न ऐकता 'करा' म्हणालो. पण मग तालुक्यात माझी जी गंमत झाली असती ती डोळ्यांपुढं आली. पापलेटवाले सर आता सुईण झाले, असं म्हटलं गेलं असतं. मी टाचण्यांकडं पाहिलं आणि ते सहा शब्द बोललो.

मावशी माझ्याकडं पाहत राहिल्या. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "तसंच असंल."

दुसऱ्या दिवसापासून त्यांना प्रयोगशाळेतून काढून मैदान झाडायला लावलं. कोयता प्राचार्यांच्या कपाटात गेला. प्रस्तावाचा कागद माझ्यापुढं आला तेव्हा शेऱ्याच्या जागी मी लिहिलं, 'प्रयोगशाळेच्या कामात निष्काळजीपणा.' एकदा खोटं बोलल्यावर शेरा वेगळा लिहिला असता तर तो खोट्याशी जुळला नसता. तेवढ्यासाठी मी एका बाईचं कायम होणं थांबवलं. लेखनिकानं तो कागद संस्थेकडे जाणाऱ्या बाकीच्या प्रस्तावांतून वेगळा काढून ठेवला.

मेळाव्यात मी 'प्रयोग प्रगतिपथावर' असल्याचं वाचून दाखवलं. प्रश्न एकच आला. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, हा मासा चवीला कसा असतो.

परत येऊन मी प्रयोग नव्यानं मांडायला घेतला, आणि माशांनी अंडी घालायचं बंद केलं. मी दहाला जाळी काढायचो, काही नाही. आठला गेलो, काही नाही. नवा परिचर त्यांना फरसाणाचा चुरा टाकताना सापडला, ते थांबवलं, तरी काही नाही. शेवटी एके दिवशी सहालाच गेलो. दार उघडलं, खटकन ट्यूब लावली, जाळी काढली आणि टाकीपुढं खुर्ची टाकून बसलो. मासे कोपऱ्यात जाऊन थिजले. मी त्यांच्याकडं पाहतोय, ते माझ्याकडं. चार दिवस आमचं हे असं चाललं. पाचव्या दिवशी बाहेरचा झाडूचा आवाज थांबला आणि खिडकीतून मावशींचा आवाज आला.

"सर, काय करायलात?"

"अंडी घालायची वाट बघतोय."

"तुमी असं डोळे वटारून बसल्यावर कोण घालंल?"

मी खुर्ची थोडी मागं घेतली. त्या म्हणाल्या, "ती ट्यूब बंद करा. खिडकीचा पडदा निम्मा सारा, एकदम सगळा नका सारू. सकाळ झालेली त्यांना त्यांचं त्यांना कळू द्या."

मी ट्यूब बंद केली. पडदा निम्मा सारला. मैदानावरून उजेड हळूहळू आत आला, टाकीच्या काचेवर चढला. थोड्या वेळानं एक नर मादीच्या मागं लागला, मग दुसरा. गोट्यांमध्ये बारीक मण्यांसारखी अंडी पडू लागली. उजेडाचा परिणाम मी वर्गात शिकवत होतो, फ्लेक्सवर छापून घेतला होता, आणि माशांना अंगावर ट्यूब नको, सकाळ हवी, हे मला झाडू मारणाऱ्या बाईनं सांगावं लागलं. त्या अंड्यांवर मी प्रयोग पुन्हा केला, पुढंही केला. चुंबकाचं विचाराल तर मी आजही छातीवर हात ठेवून काही सांगू शकत नाही, मला तरी फरक दिसला नाही. उजेडाचा मात्र दिसतो. अंधारातली आणि दिवस-रात्रीतली पिल्लं एका वेळी बाहेर येत नाहीत.

पण त्या सकाळी मी अंड्यांकडं पाहिलंच नाही. बाहेर गेलो. मावशी नळावर हात धूत होत्या.

"मावशी, माझं चुकलं."

"कुठं?"

"म्हणजे?"

"कुठं चुकलं, विचारायले. इथं, का तिथं?" त्यांनी झाडूचा बुडखा केबिनच्या दिशेनं केला. "खोटं तिथं बोललाव, साहेबापुढं. अन् माफी नळापाशी मागायलात, कुणी नसताना. माफी म्हंजी काय माशाचं अंडं हाय का, गुपचूप गोट्यांच्या फटीत टाकायला?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम. त्या हसत नव्हत्या.

"तुमी करा म्हणलतात," त्या म्हणाल्या. "म्हणून केलं. मला काय हौस होती व्हय घरचा बल्ब अन् सासूचा अडकित्ता आणायची? कागदावर काय लिवलंय तेबी मला कळलंय. लेखनिकानं वाचून दाखवलं. निष्काळजी. एवढी अंडी निवडली मी एक-एक करून, डोळे दुखोस्तोर. अन् निष्काळजी." त्यांनी नळ बंद केला. "ते ऱ्हाऊ द्या. माझा कोयता तेवढा कपाटातून काढून द्या."

प्रस्तावांचं पाकीट त्याच दिवशी दुपारी संस्थेकडे जाणार होतं. अकराला मी केबिनमध्ये गेलो. लेखनिक बसला होता, मित्राला मी मुद्दाम बोलावलं होतं, आणि मावशींनाही बोलवून घ्यावं अशी प्राचार्यांना विनंती केली.

"एवढी माणसं कशाला?" प्राचार्य म्हणाले. "पुन्हा काही जन्मलं का?"

मी त्यांना वेगळा ठेवलेला तो कागद मागितला. माझ्या शेऱ्यावर रेघ मारली, खाली लिहिलं, 'वरील शेरा खोटा आहे. सदर परिचरांनी केलेलं काम माझ्या तोंडी सूचनेनुसार होतं. अंड्यांची निगा त्यांनी माझ्यापेक्षा चांगली घेतली.' आणि सही केली. प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं.

"सर, विचार करा. हे संस्थेत वाचलं जाईल. फाटकावर अजून तुमचा फोटो आहे."

"फोटो लहानच आहे," मित्र म्हणाला. "चालंल."

प्राचार्यांनी त्याच्याकडं रागानं पाहिलं, मग कागद पाकिटात घातला. तो मंजूर होईल की नाही हे माझ्या हातात नव्हतं, पण तो पाकिटात गेला. कपाट उघडून त्यांनी कोयता बाहेर काढला आणि मावशींपुढं ठेवला. टाचण्या अजून तशाच होत्या. मावशी त्या एकेक उपटून डबीत टाकू लागल्या, माझ्याकडं न बघता. लेखनिकानं मान खाली घातली होती. पहिल्यांदा ज्या जागी उभा होतो त्याच जागी मी उभा होतो. या वेळी मी टाचण्या मोजल्या नाहीत.

"मावशी," मी म्हणालो, "तुम्ही मला विचारलं होतं, सगळं बाळंतिणीवानी करू का, आणि मी करा म्हणालो होतो. इथं उभा राहून मी नाही म्हणालो, ते खोटं होतं. माझी फजिती होईल म्हणून मी तुमचं नुकसान केलं. मला माफ करा."